शरयूच्या मृत्यूबाबतचा ठराव

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

बाभूळवेढे येथील ग्रामवाचनालयाचे ग्रंथपाल श्री. हनुमंत यांचे पत्र आज टपालाने आले. पत्र अकरा ओळींचे असून त्यात शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत. आशय असा की, वाचनालयाला यंदा पन्नास वर्षे पूर्ण होत असून त्या निमित्ताने, गावाचा नामोल्लेख असलेली एकमेव कादंबरी, म्हणजे माझी ‘काठावरची शरयू’, पुन्हा छापण्याचा गावाचा मानस आहे. सातही चुका मी माफ केल्या.

पुस्तक निघाले १९७९ साली. प्रती पाचशे. त्यांपैकी किती खपल्या हे प्रकाशकाने अखेरपर्यंत सांगितले नाही, आणि नंतर तो वारलाच. दुष्काळी गावात आलेला तरुण शिक्षक, त्याच्यावर निःशब्द प्रेम करणारी शेतकऱ्याची कन्या शरयू, निष्ठुर वरिष्ठांनी अचानक केलेली त्याची बदली, आणि वैशाखातील एका सायंकाळी माळाच्या विहिरीच्या अथांग, काळ्याशार जलात शरयूने केलेले आत्मविसर्जन, असे कथानक. शेवटचे वाक्य त्रेचाळीस शब्दांचे असून क्रियापद एकच आहे, आणि तेही अगदी शेवटी. एका मासिकाने शरयूला ‘प्रणयाची आणि शोकाची एकाच वेळी घडवलेली मूर्ती’ म्हटले होते. कात्रण जपून ठेवले आहे.

मी एकोणऐंशी वर्षांचा आहे. दुसरी आवृत्ती पाहून जावे, एवढी एकच इच्छा उरली आहे. बाकीच्या इच्छा डॉक्टरांनी बंद केल्या आहेत.

५ जानेवारी, रविवार

इंदूला बातमी सांगितली. ती वाटाणे सोलत होती.

“कोण, ती शरयू?” तिने मान वर न करता विचारले. “अजून आहे का ती?”

“कादंबरीतील पात्राविषयी असा प्रश्न विचारता येत नाही.”

“मी शेवट वाचलाच नव्हता हो. ती विहिरीकडे निघाली तशी पुस्तक मिटलं. म्हटलं, सुटलो.”

“कोण सुटले?”

“घरातली सगळीच.” तिने आणखी एक शेंग सोलली. मग, “पण हे पुस्तक त्यांना सुचवलं कोणी? गावात कोणाकडे असेल प्रत?”

गुणवत्ता स्वतःच स्वतःला सुचवते, असे मी म्हणालो. इंदूने माझ्याकडे पाहिले आणि एक किडका दाणा बाजूला काढला. एक्कावन्न वर्षांच्या संसारात तिने माझे एकही पुस्तक पूर्ण वाचलेले नाही. एकच पुस्तक आहे, ही गोष्ट वेगळी.

१२ जानेवारी, रविवार

नगरमधील सावेडीहून रिक्षाने स्थानकावर आणि तेथून एस.टी.ने बाभूळवेढ्यास जाऊन आलो. एक्कावन्न वर्षे आणि काही महिन्यांनी. गाव ओळखू येत नाही. डोंगरावर चर खणलेले, ओढ्यावर बांध, शिवारात कांदा आणि हिरवा चारा. हिवरे बाजारच्या धर्तीवर या लोकांनीही पाणी अडवले असून, दरवर्षी ते भर सभेत पाण्याचा ताळेबंद वाचतात: पाऊस किती पडला, कोणत्या विहिरीत किती फूट पाणी आहे, त्यावर कोणते पीक घ्यायचे. ऊस लावायचा नाही, हाही एक ठराव आहे. सर्व गोष्टी ठरावाने होतात. वाचनालयात खुर्ची कोठे ठेवायची, याचाही ठराव भिंतीवर लावलेला आहे.

महिला वाचन मंडळाने गेले दोन महिने कादंबरीचे सामूहिक वाचन केले. आज त्यांच्याशी माझा संवाद होता. बावीस स्त्रिया होत्या. मंडळाच्या अध्यक्षा श्रीमती विजयमालाबाई. या गावच्या दूध संस्थेच्याही प्रमुख आहेत. १९७१ ते ७३ या काळात मी येथील शाळेत शिक्षक असताना त्यांनी बाहेरून मॅट्रिकला बसावे म्हणून मी त्यांना सायंकाळी शिकवत असे. शरयूशी त्यांचा काडीमात्र संबंध नाही, हे येथे स्पष्टपणे नोंदवून ठेवतो. शरयूचे केस गुडघ्यापर्यंत होते. विजयमालाबाईंचे कमरेपर्यंतच येत.

मी प्रास्ताविकात शोकात्म नायिकेची लक्षणे सांगितली. टाळ्या पडल्या. त्यानंतर हनुमंत म्हणाले, “आता बायांनी बोलावं.” हा निर्णय अविचारी होता.

पहिल्याच बनुबाई उठल्या. वय सत्तरीच्या पुढे, आवाज टेकडीपलीकडे जाईल असा.

“मास्तर, ही शरयू रोज सांजच्याला विहिरीवर जाती. हिला घरी काम न्हाई का?”

“ते प्रतीकात्मक आहे.”

“व्हय, पन भाकऱ्या कोन करतंय?”

दुसरी एक म्हणाली, “आन् चौदा पानं ती नुसती पदराशी खेळती. आमी मोजली.”

“सारखी फिकी पडती,” अंगणवाडीच्या आरतीताई म्हणाल्या. “रक्त कमी असेल, सर. तिची तपासणी व्हायला पाहिजे होती.”

“नाव काय तर शरयू! आमच्यात त्या टायमाला कुनाचं असतंय असलं नाव?”

“कुनाचं तरी झाकायचं आसंल,” बनुबाई म्हणाल्या, आणि का कोण जाणे, सगळ्या एकदम हसल्या. विजयमालाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे शांतपणे पाहत होत्या, एखाद्या विद्यार्थ्याचे उत्तर येते का याची वाट पाहावी तशा.

मग त्यांनी विचारले, “मास्तर, एक शंका हाय. तुमी लिहिलंय, शरयूनं बहात्तरच्या दुष्काळात, वैशाखात, माळाच्या विहिरीत उडी घेतली.”

“होय.”

“पानी कुठनं आनलं?”

मला प्रश्न कळला नाही.

“माळाच्या विहिरीत त्या साली होळीलाच पानी संपलं हुतं. आमी आत उतरून झऱ्यातनं वाटीवाटीनं भरायचो. कळशी भरायला दुपार व्हायची.”

“उडी मारली आसती तर ढोपार फुटलं आसतं,” बनुबाई म्हणाल्या. “मरती कशाची? आन् खाली आमी झरा फुटायची वाट बघत बसलेलो. कुनाच्या तरी टकुऱ्यावर पडली आसती.”

बावीस स्त्रिया पाच मिनिटे हसत होत्या. मी घोटभर पाणी मागितले, तर त्यावरही हसल्या.

१३ जानेवारी, सोमवार

ललित कृती म्हणजे पाटबंधारे खात्याचा अहवाल नव्हे, असे पत्र हनुमंतांना लिहिले. तीन पाने.

इंदूने पाकीट चिकटवताना विचारले, “पण खरंच नव्हतं का हो पाणी? तुम्ही तर तिथेच होतात.”

मी होतो. शाळेच्या खोलीवर सकाळी एक घागर येत असे. ती कोठून भरून येते, हे मी कधी विचारले नव्हते. कोण आणते, ते ठाऊक होते.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. हनुमंतांनी खास बोलावले म्हणून गेलो. वाटले, माझ्या पत्राचा परिणाम झाला असावा.

परिणाम झाला होता. पत्र विषयपत्रिकेवर होते. चाऱ्याच्या विषयानंतर आणि स्मशानभूमीच्या कुंपणाआधी.

हनुमंतांनी एक जाडजूड वही उघडली. पाण्याचा ताळेबंद सुरू झाला तेव्हा जुन्या माणसांना विचारून गावाने प्रत्येक विहिरीचा इतिहास लिहून काढला आहे. माळाची विहीर: फाल्गुनात कोरडी, चैत्रात तळाशी झरा, माणूस उतरून भरणे, वैशाखात झराही बंद. ही नोंद वाचली जात असताना सभेत असा सन्नाटा होता की, जणू कोणाचे मृत्युपत्र वाचले जात आहे. खरे तर उलट होत होते.

ठराव मी उतरवून घेतला. शुद्धलेखन माझे:

‘ठराव क्र. १४. “काठावरची शरयू” या पुस्तकात सन १९७३च्या वैशाखात माळाच्या विहिरीत अथांग पाणी असल्याचे नमूद आहे. ते गावच्या नोंदीशी जुळत नाही. पुस्तकावर गावाचे नाव येणार असल्याने सदर मृत्यू सदर विहिरीत झाल्याचे गावास मान्य नाही. लेखकाने मृत्यू अन्यत्र करावा अथवा रद्द करावा. त्यानंतरच पुस्तक छपाईस द्यावे.’

सूचक बनुबाई. अनुमोदक सौ. आरती.

मी उठून म्हणालो की, चुकीचे पाणी हा दोष मानला, तरी तो एका शब्दाचा दोष आहे. त्यासाठी नायिकेचे प्राण वाचवणे ही शिक्षा अवाजवी आहे. हात वर करण्याची वेळ आली तेव्हा मी विरोधात हात वर केला.

“सर,” हनुमंत संकोचून म्हणाले, “तुमचं नाव यादीत न्हाई. तुमी नगरचे.”

माझ्या नायिकेच्या मृत्यूवर एकशे सत्तावीस लोकांनी मत दिले. मला मताधिकार नव्हता.

२ फेब्रुवारी, रविवार

सप्ताहभर शरयूला अन्य मार्गाने मारण्याचा प्रयत्न करीत आहे. प्रत्येक मृत्यू मी लिहून, त्याचे छायाचित्र मोबाईलवर हनुमंतांना पाठवतो. ते मंडळात वाचून दाखवतात आणि बायांचे उत्तर ध्वनिमुद्रित करून पाठवतात.

सोमवारी क्षय. उत्तर आरतीताईंचे: “सर, तेव्हा तालुक्याला गोळ्या फुकट मिळत होत्या. आमच्या आत्या बऱ्या झाल्या. अजून आहेत.”

मंगळवारी सर्पदंश. उत्तर बनुबाईंचे: “त्या साली बेडूक न्हाई, उंदीर न्हाई. साप काय खाऊन जगला? मास्तर, साप आमच्या आधी गाव सोडून गेल्ता.”

गुरुवारी उपासमार. हा मृत्यू दुष्काळास साजेसा होता आणि मला त्याची बरीच आशा होती. उत्तर एकदम सात-आठ जणींचे. दुष्काळी कामावर रोज सुकडी मिळत असे, रेशनवर मिलो ही परदेशी ज्वारी मिळत असे. लाल, कडू, पण पोटभर. शरयू खडी फोडायला गेली असती तर उपाशी मेली नसती. “जरा अंगानं भरली आसती,” असे कोणीतरी मागून म्हणाले.

शुक्रवारी भग्नहृदय. याला उत्तरच आले नाही; केवळ दीड मिनिटांचे हसणे आले. मी ते पूर्ण ऐकले. त्यात विजयमालाबाईंचा आवाज आहे का, हे तपासण्यासाठी दुसऱ्यांदाही ऐकले. नव्हता.

इंदू म्हणते, “एवढी माणसं सांगतायत तर जगू द्या की तिला. तुमचं काय जातं?”

माझे काय जाते, हे तिला कसे समजावावे? शरयू मरते म्हणूनच त्या मास्तरांचे दुःख उदात्त ठरते. ती जगली, तर तिच्या पुढल्या दिवशी सकाळ होईल. आणि ती सकाळ मला लिहावी लागेल.

९ फेब्रुवारी, रविवार

विजयमालाबाईंना प्रत्यक्ष भेटून ठराव मागे घेण्याची विनंती करावी, असे ठरवून पहाटेच्या गाडीने निघालो. त्या दूध संकलन केंद्रावर होत्या. समोर कॅन, किटल्या, रांग. त्या एकीकडे दुधाचा नमुना यंत्राला लावत, फॅटचा आकडा मोठ्याने सांगत आणि दुसरीकडे बोलत.

“या मास्तर. हितं बसा. तिथं नको, ती म्हशीवाल्यांची लाईन हाय.”

मी विनंती मांडली. शोकांतिकेत नायिकेचे मरण अटळ असते, इत्यादी.

“कुनाची शोकांतिका?”

“शरयूची.”

“तीन पॉइंट आठ! पुढं या. तिला इचारलं का?”

“पात्राला विचारण्याची पद्धत नाही.”

“म्हनूनच मेली.” त्यांनी किटली रिकामी केली. “पुस्तक निघालं तवा आमच्या मालकांनी नगरहून आनलं हुतं. थोरला दोन वरसाचा, मांडीवर. मीच वाचून दाखवलं त्यांना. शरयू मेली, आन् मालक म्हनले, मग हितं भाकरी कोन थापतंय? यवढे हसले, यवढे हसले! पोरगं रडाय लागलं.”

मी म्हणालो की, शरयू काल्पनिक आहे.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “सात पॉइंट एक. बघा, ही खरी म्हैस.”

रांग सरली. त्या हात धुऊन समोरच्या स्टुलावर येऊन बसल्या. केस पूर्ण पांढरे आहेत, कमरेपर्यंत.

“मास्तर, तुमाला ती का जगवता येत न्हाई?”

“ती जगली तर पुढे काय करते, हे मला माहीत नाही.” हे वाक्य माझ्या तोंडून कसे गेले, कळत नाही.

“मग इचारा.”

मी विचारले, “त्या दिवशी शरयूने काय केले असते?”

“शरयूचं मला काय म्हाईत. माझं सांगते.” त्या पदराने हात पुसत सांगू लागल्या, दुधाचा आकडा सांगावा त्याच आवाजात. “तुमी म्हनला हुता, सकाळी विहिरीवर ये, तिथनं दोघं दादांकडं जाऊ, मी बोलतो त्यांच्याशी. मी दिस उगवायच्या आत गेले. सनावाराचं लुगडं नेसले हुते. कामावर जायचं लुगडं पिशवीत. दोन तास बसले. मग पोरं पळत आली, मास्तर ट्रंक घिऊन येष्टीत बसलं म्हनली. मग उठले, लुगडं बदललं आन् कामावर गेले. मुकादमानं अर्धी हजेरी लावली. सुकडी मात्र पुरी दिली, मानूस चांगला हुता.”

“एवढेच?”

“आनखी काय पायजेल? मेले न्हाई, त्याला इलाज न्हाई.”

मी चष्मा पुसला. त्यांनी चहा मागवला. परतीच्या गाडीच्या वेळेची त्यांनीच आठवण करून दिली. “बघा हां, चुकेल,” असे म्हणाल्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

काही लिहिले नाही.

सायंकाळी इंदूला म्हणालो, “बदली वरिष्ठांनी केली नव्हती.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “अर्ज तुम्ही केला होता. तुमच्या आईंनी लग्नाआधीच सांगितलं होतं मला. कौतुकाने.”

“तू कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही पुस्तक लिहिलंत. म्हटलं, माणूस दोनशे चाळीस पानं खोटं बोलतोय, तर लागलं असणार त्याला फार.” मग तिने विचारले, “आता आवाज कसा आहे त्यांचा?”

“कोणाचा?”

“पुरे हो,” असे म्हणून तिने दिवा लावला.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नऊ ते एक या वेळेत अंतिम प्रकरण नव्याने लिहून पूर्ण केले. साडेतीन पाने. जुने बावीस पानांचे होते.

वाक्ये लहान झाली आहेत. जाणीवपूर्वक केलेली नाहीत. ‘अथांग’, ‘काळेशार’, ‘जल’ हे शब्द गेले. ‘निष्ठुर वरिष्ठ’ गेले. त्यांच्या जागी एक अर्ज आला असून अर्जदाराची सही वळणदार आहे. शरयू उजाडण्याआधी विहिरीवर येते, दोन तास बसते, लुगडे बदलून खडी फोडायला जाते. मुकादम अर्धी हजेरी लावतो.

मास्तरांविषयी मात्र एक परिच्छेद असा लिहिला गेला, जो पहिल्या आवृत्तीत नव्हता आणि या दैनंदिनीतही आजवर कोठे नाही. एस.टी. माळाच्या वळणावर आली की, खिडकीतून विहीर दिसते. त्या दिवशीही दिसली. काठावर कोणीतरी बसलेले होते. लुगडे उन्हात झळकत होते, रोजचे नव्हते. कंडक्टरला ‘थांबवा’ म्हणायला एकच शब्द पुरेसा होता, आणि शब्दांवरच माझा चरितार्थ चालत होता. मी ट्रंकेचे कुलूप नीट लागले आहे का, ते पाहू लागलो. वळण संपेपर्यंत पाहत राहिलो.

पुस्तकाचे नाव मला त्या खिडकीत सुचले होते. लोकांना मी आजवर सांगत आलो की, ते ध्वनिसौंदर्यासाठी आहे.

पुन्हा वाचताना एके ठिकाणी स्वल्पविराम सुटलेला आढळला. घातला नाही. आज कंटाळा आला आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

वाचनालयात नव्या प्रकरणाचे वाचन. इंदूही आली. एवढ्या वर्षांत माझ्या एकाही कार्यक्रमाला ती आलेली नाही. आज म्हणाली, “चला, बघू तरी गाव.” विजयमालाबाईंनी तिला स्वतःशेजारी बसवून घेतले. दोघी एकमेकींच्या कानाशी लागून काय बोलत होत्या, ते मला व्यासपीठावरून ऐकू आले नाही. दोनदा हसल्या. दुसऱ्यांदा माझ्याकडे पाहून.

मी वाचू लागलो. अर्जाच्या जागी कोणी हसले नाही. विहिरीत झराही नाही, हे वाचल्यावर मागून कोणीतरी “हां!” असे समाधानाने म्हणाले. खिडकीच्या परिच्छेदात मी ओळ चुकलो. हनुमंत पाणी घेऊन आले. मी तो परिच्छेद पुन्हा आरंभापासून वाचला, कारण तो अर्धा वाचून सोडण्याजोगा नव्हता. विजयमालाबाई खाली पाहत होत्या. मी खिडकीतून त्यांना पाहिले होते, हे त्यांना आजपर्यंत ठाऊक नव्हते.

मग पुढे वाचले: “दोन तासांनी शरयू उठली. लुगडे बदलले आणि कामावर गेली. मुकादमाने तिची अर्धी हजेरी लावली.”

“अर्धी कुठली?” बनुबाई म्हणाल्या. “मास्तर, पुन्यांदा चुकलं तुमचं. त्या दिशी ही कामावर आलीच न्हाई.”

मी कागद खाली ठेवला.

“मी हिच्याच टोळीत हुते की. हजेरी लागलीच न्हाई हिची. दिस मावळल्यावर हिचा दादा गेल्ता हिला आनाय माळावर. उनानं तोंड सोलून निघाल्यालं. दोन दिस...”

“बने,” विजयमालाबाई म्हणाल्या, “गप.”

“आता नोंदीचा इषय हाय म्हनून बोलले. पानी तपासतो तर हे नगं तपासाय?”

बावीस स्त्रिया आपापल्या हातांकडे पाहत होत्या. इंदूने विजयमालाबाईंच्या मनगटावर हात ठेवला होता. तो कधी ठेवला, ते मला दिसले नाही.

हनुमंत कर्तव्यदक्ष आहेत. त्यांनी पेन उघडले आणि हळूच विचारले, “सर, मग काय करायचं? दुरुस्त करून घ्यायचं का? दोन तासांचं काय लिहू?”

मी विजयमालाबाईंकडे पाहिले. ‘दिवसभर’ हा एकच शब्द. मी तो लिहू शकलो असतो. तो अचूक होता.

“दोनच ठेवा, मास्तर,” त्या म्हणाल्या. “तुमच्यानं त्याच्या वर सोसायचं न्हाई.”

नव्या प्रकरणाच्या ठरावाला सर्वांनी हात वर केले. बनुबाईंनी सर्वांत शेवटी, कुरकुरत. पुस्तक छापायला जाईल.

मी ‘दोन’ ठेवले. हनुमंतांनी समोर केलेल्या प्रतीवर त्या ओळीखाली मी स्वतः सही केली.